डॉ. होमी भाभा आणि पेट स्कॅन



आपल्या चिंचवड-चाकण पट्ट्यात मुलांनी इंजिनिअर व्हावं असं अनेक घरांत वाटतं. होमी भाभांच्या घरीही तसंच होतं.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मेकॅनिकल इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात लागावं म्हणून १९२७ मध्ये वडिलांनी त्यांना केंब्रिजला पाठवलं. होमींचं मन मात्र भौतिकशास्त्रात होतं. आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास हो, अशी वडिलांनी अट घातली. १९३० मध्ये होमींनी ती पूर्ण केली आणि वडिलांनी शब्द पाळला.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित होमींनी १९३६ मध्ये मांडलं. त्यालाच 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. पॉझिट्रॉन म्हणजे धन प्रभाराचा जुळा भाऊच! हे दोघे भेटून नष्ट झाले की सहसा दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात.

पेट स्कॅन यावरच चालतो. पेशंटला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी निरोगी पेशींपेक्षा जास्त साखर ओढतात, म्हणून चित्रात उठून दिसतात.

पेट स्कॅन भाभांनी शोधला नाही. पण त्यांच्याच काळात, १९६३ मध्ये, परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये तिथेच आला. तो पाहायला भाभा नव्हते; १९६६ मध्येच विमान अपघातात ते गेले.

पालकहो, मुलाने वेगळा विषय मागितला तर लगेच नाही म्हणू नका. होमींच्या वडिलांसारखी एखादी अट घाला, आणि मग ती पाळाही.