एक्स्प्लेनर : एक रात्र देशासाठी, सात वर्षे कर्जासाठी, बालगंधर्वांच्या तिकिटाचा पैसा कुठे गेला?

मौदा : मदतनिधीसाठी तिकीट लावून गाण्याचा कार्यक्रम ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पैसा खरंच मदतीला जाणार की कलाकाराच्या खिशात? शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीच्या सर्वात लोकप्रिय गायक नटाने याची दोन्ही उत्तरे एकाच वर्षात दिली होती.

कोण होते बालगंधर्व?

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, असे सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ते स्त्री भूमिका करत. त्यांच्या साडी-दागिन्यांची फॅशन घरोघरी पोहोचली होती.

फंडासाठी प्रयोग

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. डिसेंबरमध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. चळवळीला पैसा हवा होता. टिळकांच्या नावाने स्वराज्य फंड सुरू झाला, उद्दिष्ट होते १ कोटी रुपये. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, तर प्रतिस्पर्धी ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर. उत्पन्न फंडासाठी होते. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवरावांचे निधन झाले.

मग कर्ज कशाचे?

त्याच १९२१ मध्ये गंधर्व मंडळी मोठ्या कर्जात होती. भरजरी कपडे, महागडे पडदे, अत्तर, नामवंत साथीदार. खर्चाला लगाम नव्हता. मालकी आणि देणे दोन्ही बालगंधर्वांवर आले. त्यांनी कंपनी बंद केली नाही. गावोगावी प्रयोग करत सुमारे सात वर्षांत कर्ज फेडले. या दौऱ्यांमागे देशसेवा नव्हती, सावकाराचे देणे होते.

पुढे काय झाले?

हात मात्र आखडला नाही. कंपनी पुन्हा कर्जात गेली. १९३५ मध्ये ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात दिसले, पण सिनेमात रमले नाहीत. उतारवयातही तोंडाला रंग लावत राहिले. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

यातून काय कळते?

फंडाचा प्रयोग इतिहासात गेला, कर्जफेडीचे दौरे फारसे कुणी आठवत नाही. पण ज्यांचे पैसे अडकले होते, त्यांच्यासाठी ती फेडही तितकीच मोलाची होती. कलाकार पैशासाठी दौरा करतो, यात गैर काही नाही. तिकीट घेणाऱ्याला पैसा कुठे जाणार हे आधी कळले पाहिजे, एवढेच.