बहिणाबाईंचे गाऱ्हाणे

आश्विन शुद्ध प्रतिपदेला फुलसावंगीच्या घराघरांत घट बसतात, काळ्या मातीत धान्य पेरले जाते आणि नंदादीप लागतो. पैनगंगेपलीकडच्या माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनासाठी जाणाऱ्यांची लगबग याच दिवसापासून सुरू होते. हीच तिथी संत बहिणाबाईंची पुण्यतिथी आहे, याचे स्मरण मात्र फार थोड्यांना असते. शके १६२२, म्हणजे इसवी सन १७०० मधील घटस्थापनेला त्यांनी देह ठेवला. जगन्मातेच्या उत्सवात एका मातेचे चरित्र आठवावे, म्हणून आम्ही आज त्यांची कथा वाचकांपुढे ठेवीत आहोत. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निराळ्या. या बहिणाबाई तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या.

त्यांचा जन्म १६२८ च्या सुमारास वेरूळजवळच्या देवगावी झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अपत्यासाठी आऊजींनी घृष्णेश्वरापाशी अनुष्ठान केले होते. अशी नवसाची लेक तिसऱ्या वर्षी गंगाधर पाठक या तीस वर्षांच्या बिजवराला दिली गेली. गंगाधर वेदपाठी आणि विद्वान होते, पण स्वभावाने अतिशय कोपिष्ट. पुढे भाऊबंदकीने आणि कर्जाने आऊजींच्या घराची वाताहत झाली, तेव्हा सासरा, जावई, मायलेकी असे सारे कुटुंब गाव सोडून निघाले. शिखर शिंगणापूर, पंढरपूर, रहिमतपूर असा प्रवास करीत ते कोल्हापुरास पोहोचले.

कोल्हापुरात हिरंभट नावाच्या ब्राह्मणाने त्यांना आसरा दिला आणि एक सवत्स कपिला गायही दिली. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की ते त्यांच्यावाचून चारा खाईना, पाणी पिईना. बहिणाबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. जयरामस्वामींच्या कीर्तनाला त्या गेल्या, तर वासरूही मागोमाग आले. लोकांनी त्याला बाहेर काढले, तेव्हा ते हंबरू लागले. जयरामस्वामींनी त्याला आत आणविले आणि वासराबरोबर त्या मुलीच्याही मस्तकावरून हात फिरविला. गावात बोलबाला झाला. ही गोष्ट गंगाधरपंतांच्या कानी गेली आणि त्यांनी पत्नीला बांधून मारले. पुढे वासरू गेले. त्या दुःखात बेशुद्ध पडलेल्या बहिणाबाईंना कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले व गुरुमंत्र मिळाला.

येथून घरातील खरा कलह पेटला. वेदांचे अध्ययन केलेल्या ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्र म्हणविणाऱ्या तुकोबांना गुरू मानावे, हे गंगाधरपंतांना सोसेना. त्यातच लोक बहिणाबाईंच्या दर्शनाला येऊ लागले. आम्हांस वाटते, त्यांच्या संतापाचे मूळ शास्त्रात जेवढे होते, तेवढेच या दुखावलेल्या मानातही होते. विद्वान आपण आणि लोक नमस्कार करतात पत्नीला! अखेर त्यांनी निश्चय केला की गर्भवती पत्नीला तिच्या आईबापांच्या स्वाधीन करून आपण कायमचे निघून जायचे.

बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. मराठीत एखाद्या स्त्रीने आपल्या संसाराचे असे उघडे निवेदन करावे, हे त्या काळी अपूर्वच होते. या प्रसंगी आपले मन कसे झाले, हे त्या लपवीत नाहीत. पाषाणाची मूर्ती आणि स्वप्नात आलेला गुरू यांच्यासाठी हातचा संसार जाऊ द्यावा काय, असाही विचार त्यांना शिवून गेला. पतीची सेवा करावी तर भक्ती सुटते, भक्ती धरावी तर पती जातो. मग त्यांनी पांडुरंगापुढेच गाऱ्हाणे मांडले. भक्तांच्या चरित्रांत अशा प्रसंगी निश्चल श्रद्धेची वर्णने असतात. येथे मात्र शंका आहे, रुसवा आहे, आणि तरीही हे सारे देवालाच ऐकविले आहे. आम्हांस ही प्रार्थना अधिक खरी वाटते. पतीवर सूड उगव, असे त्यांनी देवाला म्हटले नाही. पतीचे मन आपण वळवू शकत नाही, एवढे त्या पुरतेपणी समजल्या होत्या. जे आपल्या हाती होते, म्हणजे घरातली सेवा आणि मुखातले नाम, ते त्यांनी सोडले नाही. उरलेले पांडुरंगावर टाकले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ही कथा सांगून कोणी आपल्या लेकीला वा सुनेला मारहाण सोसण्याचा उपदेश करू नये. बहिणाबाईंनी त्या माराचे कोठेही पुण्य मानलेले नाही. तो त्यांनी दुःख म्हणूनच नोंदविला आहे.

निघण्याचा दिवस उजाडला आणि गंगाधरपंत तापाने अंथरुणाला खिळले. औषध लागू पडेना. जिला टाकून जायचे, तीच पत्नी रात्रंदिवस उशाशी बसली. पडल्या पडल्या त्यांना उमगू लागले की तुकोबांची आपण निंदा केली, त्याचेच हे फळ. अशा वेळी एक वृद्ध ब्राह्मण समोर आला, निरपराध पत्नीचा त्याग का करतोस असे त्याने विचारले, आणि गंगाधरपंतांनी हात जोडून क्षमा मागितली, असे बहिणाबाई सांगतात. ते बरे झाले, आणि त्यांनीच सर्वांना देहूला नेण्याचे ठरविले. मंदिरात तुकोबा आरती करीत होते. स्वप्नात पाहिलेली मूर्ती बहिणाबाईंना तेथे प्रत्यक्ष दिसली.

तापात झालेला पश्चात्ताप ताप उतरल्यावर कितपत टिकतो, हे आपण सर्वच जाणतो. गंगाधरपंतांची परीक्षा देहूलाच झाली. तेथील मंबाजी गोसाव्यांनी त्यांना आपले शिष्य व्हा असे सुचविले. जातीचा अभिमान सुखाने परत मिळविण्याची ही संधी होती. पंतांनी ती नाकारली. मग मंबाजींनी त्या कुटुंबाचा छळ आरंभला. त्यांची गाय नेऊन कोंडली व तिला मारले. ते वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा सांप्रदायिक मंडळी सांगतात. एके काळी तुकोबांचे नाव ऐकताच पेटणारा माणूस आता त्याच नावासाठी उपद्रव सोशीत होता. देहूलाच त्यांना कन्या झाली. तिचे नाव काशीबाई.

पुढे पुत्र झाला, विठ्ठल. त्यानंतरचे आयुष्य शिऊरला गेले. बहिणाबाईंनी अभंग रचले, वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचे मराठी रूपांतर केले आणि ब्राह्मण्य जन्मावर नसून ब्रह्मज्ञानावर आहे, हा विचार मांडला. ज्या घरात जातीवरून एवढा कलह झाला, त्याच घरातून हे लेखन झाले, हे आम्हांस विशेष वाटते. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन गृहस्थांनी त्यांच्या आत्मचरित्राचे व अभंगांचे इंग्रजी भाषांतर पुण्यातून प्रसिद्ध केले आणि सातासमुद्रापलीकडच्या वाचकांनाही शिऊरच्या या गृहिणीची ओळख झाली.

अंतकाळ जवळ आला, तेव्हा विठ्ठल आपल्या पत्नीच्या उत्तरक्रियेसाठी शुक्लेश्वरी गेला होता. आईने त्याला बोलावून घेतले आणि आपल्या मागील बारा जन्मांची हकिगत सांगितली. त्यानंतर आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी डोळे मिटले. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे त्यांची समाधी आहे.