बोलण्याचा हक्क आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. त्याच मुलाने पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक काढले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यास २,५०० रुपयांचे साहाय्य केले.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्ष नेमले. भाषणाचा मजकूर पाहून मंडळी बिचकली. काही भाग गाळा, म्हणाली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. तेव्हा त्यांनी ते भाषण पदरच्या पैशाने छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींची टीकाही छापली आणि मग तिला उत्तर दिले.

१९४७ साली ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकास भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. त्याच कलमात बदनामीसारख्या गोष्टींसाठी वाजवी मर्यादाही आहेत. म्हणजे मत मांडणे हा हक्क आहे, पण कुणाची खोटी बदनामी करणे हा हक्क नव्हे. सातवीच्या मुलांना एवढे नीट समजते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज भिवंडीत मागांच्या खडखडाटात वाढणारी आपली मुले गल्लीत मोठ्याने बोलतात. वर्गात प्रश्न विचारताना मात्र कचरतात. बंधू-भगिनींनो, मुलाने घरी प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. विरुद्ध मत ऐकून घेऊन उत्तर द्यायलाही शिकवा.