विश्लेषण : टॉल्किन यांच्या घरी दर नाताळला उत्तर ध्रुवावरून पत्र कसे यायचे?

'द हॉबिट' आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन जगाला माहीत आहेत. पण 1920 ते 1943 या काळात त्यांनी दर डिसेंबरमध्ये आणखी एक लेखन केले. त्याचे वाचक फक्त चार होते आणि चौघेही त्यांचीच मुले. फादर ख्रिसमसच्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या नाताळबाबाच्या नावाने लिहिलेली ही पत्रे टॉल्किन यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, 1976 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांची सून बेली टॉल्किन यांनी ती संपादित केली. त्यामागची कहाणी काय?

पहिले पत्र कधी आले?

1920 च्या डिसेंबरमध्ये. थोरला मुलगा जॉन तेव्हा तीन वर्षांचा होता. धाकटा मायकेल जेमतेम दोन महिन्यांचा. टॉल्किन यांना त्याच वर्षी लीड्स विद्यापीठात नोकरी लागली होती आणि पत्नी एडिथ दोन्ही मुलांना घेऊन ऑक्सफर्डमध्येच होत्या. म्हणजे वडील एका गावी, कुटुंब दुसऱ्या गावी. अशा वेळी ऑक्सफर्डच्या पत्त्यावर उत्तर ध्रुवावरून पाकीट आले. आत नाताळबाबाचे आणि बर्फात उभ्या असलेल्या त्याच्या घराचे रंगीत चित्र होते. खेळण्यांचे गाठोडे घेऊन आपण ऑक्सफर्डकडे निघतच आहोत, असे त्याने जॉनला कळवले होते.

पाकिटावरचा बर्फ कुठला?

घरातलाच. इंग्लंडच्या त्या भागात दर नाताळला बर्फ पडतोच असे नाही. 1927 च्या नाताळात दक्षिण इंग्लंडमध्ये मोठे हिमवादळ झाले, पण ते अपवाद. त्यामुळे बर्फाची सोय वडिलांनाच करावी लागे. पाकिटावर पांढरी भुकटी भुरभुरलेली असे. गालिच्यावर बर्फाळ पावलांचे ठसे उमटलेले असत. पाकिटावरचे उत्तर ध्रुवाचे टपाल तिकीटही हाताने रंगवलेले असे आणि त्यावरचा टपालखर्च पापे देऊन मोजलेला असे. पत्र कधी सकाळी घरातच सापडे, तर कधी टॉल्किन यांनी पटवलेला पोस्टमन ते बाकीच्या टपालाबरोबर आणून देई. पोस्टमनच्या हातून आलेल्या पत्रावर शंका घेणार कोण? मुले आपली उत्तरे शेकोटीपाशी ठेवत. खोलीत कुणी नसले की ती नाहीशी होत.

अक्षरही एकच नव्हते. नाताळबाबाचे वय एकोणीसशेच्या पुढे आणि त्यात ध्रुवावरची थंडी, म्हणून त्याचे अक्षर थरथरते. त्याचा मदतनीस ध्रुवीय अस्वल जाड पंजाने ठसठशीत लिहिणारा आणि पत्राच्या कडेला आगाऊ शेरे मारणारा. पुढे इल्बेरेथ नावाचा एल्फ चिटणीस आला, त्याचे अक्षर बारीक आणि वळणदार. अस्वलाचे नाव कार्हू. फिनिश भाषेत त्याचा अर्थ अस्वलच होतो. टॉल्किन व्यवसायाने भाषांचे प्राध्यापक होते आणि फिनिशवर त्यांचे विशेष प्रेम होते. गुहेतल्या गॉब्लिनांची चित्रे पाहून अस्वल स्वतःची लिपीही तयार करते. वडिलांचा पेशा मुलांच्या खेळात असा शिरला होता.

घरात जे घडे ते पत्रात कसे येई?

1925 मध्ये टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि 1926 च्या सुरुवातीला कुटुंब लीड्स सोडून तिथल्या नॉर्थमूर रोडवर राहायला गेले. त्याच 1925 च्या पत्रात मोठा अपघात झाला. वाऱ्याने उडालेली नाताळबाबाची टोपी काढायला अस्वल उत्तर ध्रुवाच्या खांबावर चढले. खांब मोडून घराच्या छपरावर कोसळला. छपरावरचा बर्फ आत येऊन वितळला, शेकोट्या विझल्या, तळघरातल्या भेटवस्तूंपर्यंत पाणी गेले आणि नाताळबाबाला नव्या घरी बिऱ्हाड हलवावे लागले. घर बदलणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगला सोबती मिळणे कठीण.

पैशांची ओढाताणही पत्रात उतरली. चार मुले, आजारपणे आणि डोक्यावर देणी. टॉल्किन उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांच्या परीक्षांचे पेपर तपासून जादा कमाई करत. आपल्याकडच्या बोर्डाच्या परीक्षकांना हे काम किती कंटाळवाणे असते ते सांगायला नको. असाच एक कोरा कागद हाती आला तेव्हा त्यांनी त्यावर 'द हॉबिट'चे पहिले वाक्य लिहिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. 1931 मध्ये महामंदी होती. त्या वर्षी नाताळबाबाने मुलांना समजावले, की मागितलेल्या सगळ्या वस्तू आल्या नाहीत तर रुसू नका, जगात यंदा गरीब आणि उपाशी माणसे फार आहेत. घरात पैसा कमी आहे हे वडिलांना न सांगता सांगता आले.

1937 मध्ये 'द हॉबिट' छापून आले. त्या नाताळात बाबाने धाकट्या ख्रिस्तोफरला कळवले, की या पुस्तकाच्या गठ्ठेच्या गठ्ठे प्रती आपण वाटतो आहोत, पण तुमच्या घरी त्या भरपूर असतील म्हणून तुला पाठवली नाही. स्वतःच्या पुस्तकाची थट्टा करायला लेखकाला नाताळबाबा उपयोगी पडला.

एवढा खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर टॉल्किन यांनी कुठे थेट दिलेले नाही. त्यांच्या बालपणातला एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. त्यांचा जन्म 1892 चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनमधला. वडील आर्थर तिथल्या बँकेत व्यवस्थापक होते. 1895 मध्ये आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आल्या. वडील मागून येणार होते. 14 फेब्रुवारी 1896 रोजी चार वर्षांच्या टॉल्किन यांनी दाईला सांगून वडिलांसाठी पत्र लिहून घेतले. आपल्याला नवा कोट मिळाला आहे, आपण इतके मोठे झालो आहोत की बाबा ओळखणारच नाहीत, असा त्यातला मजकूर. ते पत्र टपालात पडले नाही. वडिलांची प्रकृती गंभीर असल्याची तार आली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. 1904 मध्ये मधुमेहाने आईही गेली. त्या मुलाने स्वतः बाप झाल्यावर तेवीस वर्षांत एकही नाताळ पत्राविना जाऊ दिला नाही.

शेवटी काय झाले?

मुले मोठी झाली. जॉन धर्मगुरू होण्यासाठी शिकायला रोमला गेला, मायकेलही शाळेतून बाहेर पडला. पत्रे आधी ख्रिस्तोफर आणि प्रिसिलाला, मग एकट्या प्रिसिलाला येऊ लागली. दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ध्रुवावरचा पुरवठाही आटला. घरे सोडून परागंदा झालेल्या माणसांचा, न सापडणाऱ्या पत्त्यांचा उल्लेख पत्रांत येऊ लागला. मायकेल विमानवेधी तोफदलात होता. 1943 मध्ये ख्रिस्तोफर हवाई दलात भरती झाला. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांतून आजारी होऊन परतलेल्या बापाला याचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच नाताळात शेवटचे पत्र आले. प्रिसिला 14 वर्षांची होती. बाबाने लिहिले, की यंदा ती मोजा टांगेल असे आपण धरून चालतो आहोत, कारण तिच्यासाठी अजून थोड्या वस्तू उरल्या आहेत. त्यानंतर मात्र निरोप घ्यावा लागेल. जुन्या मित्रांची नावे आणि पत्रे आपण जपून ठेवतो, आणि ती मोठी होऊन तिचे स्वतःचे घर व मुले झाली की परत यायची आशा आहे, असेही त्याने कळवले.