महर्षि अण्णासाहेब कर्वे व हिंगण्याची शाळा

कोणतीहि मोठी शिक्षणसंस्था पाहिली म्हणजे तिच्या इमारतींची उंची प्रथम नजरेंत भरते. पायांत गाडल्या गेलेल्या दगडांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आज पुणें शहरांत सामावून गेलेलें कर्वेनगर हें एके काळीं शहराबाहेरचें हिंगणें नांवाचें खेडें होतें. तेथें ज्यांनीं मुलींच्या शिक्षणाचा पाया घातला, त्या महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र आमच्या बालवाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत शेरवली येथें झाला. बालपण मुरूड गांवीं गेलें. घरची स्थिति बेताचीच होती. सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठीं ते पावसापाण्यांतून सह्याद्रि ओलांडून शंभरांहून अधिक मैल पायीं चालत साताऱ्यास गेले. परंतु मूर्ति लहान, तेव्हां वयहि कमी असावें, अशा समजुतीनें त्यांस परीक्षेस बसूंच दिलें नाहीं! ते निराश होऊन घरीं बसले नाहींत. पुढें मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेंतून ते १८८१ सालीं मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८८४ सालीं पदवीधर झाले, आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले.

त्याच वर्षीं त्यांची प्रथम पत्नी निवर्तली. दुसरा विवाह करावयाचा तर विधवेशींच, असा त्यांचा निश्चय होता. त्याप्रमाणें १८९३ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकणाऱ्या गोदूबाईंशीं त्यांनीं विवाह केला. मुरूडच्या मंडळींनीं त्यांजवर बहिष्कार घातला. ज्या गांवानें अंगाखांद्यावर खेळविलें त्याच गांवीं परकें व्हावें, हें दुःख लहान नव्हे. तें त्यांनीं मुकाट्यानें सोसलें.

परंतु एका विवाहानें हजारों बालविधवांचा प्रश्न सुटणार नव्हता. त्यांस विद्या मिळाली तरच त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील, हें अण्णासाहेबांनीं ओळखलें व १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. पुण्यांत प्लेगचा कहर चालूं असतां १९०० सालीं आश्रम हिंगण्यास नेण्यांत आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं जागा दिली व तीवर एक साधी झोंपडी उभी राहिली. त्या शाळेची तेवढीच इमारत! दिवसां कॉलेजांत शिकवावें आणि मग सुमारें चार मैलांची वाट तुडवून हिंगण्याच्या मुलींस शिकवावें, असा अण्णासाहेबांचा क्रम पडला. सुटी लागली कीं ते वर्गणी मागत गांवोगांव हिंडत.

येथें त्यांच्यापुढें एक अवघड प्रसंग उभा राहिला. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्याच्या आश्रमांत आपली मुलगी धाडावी कशी, ही भीति पालकांस वाटे. तेव्हां आश्रमाचें काम त्यांनीं पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षानें निराळें ठेविलें. आपलें मत त्यांनीं सोडलें नाहीं. मात्र शिकणाऱ्या मुलींच्या वाटेंत तें आडवें येऊं दिलें नाहीं. आमच्या मतें त्यांची खरी थोरवी येथेंच दिसते.

हळूहळू झोंपडीचा विस्तार झाला. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. त्या येथें शिकल्या, आणि पुढें आश्रमासाठीं निधि जमविण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. विधवांखेरीज इतर मुलींसाठींहि १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें. १९१६ सालीं तर महिला विद्यापीठ सुरू झालें व त्याचें कॉलेज हिंगण्यास अवघ्या पांच विद्यार्थिनींवर उघडलें. मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो उपक्रम अनेकांस वेडेपणा वाटला. परंतु १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें.

१९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, अण्णासाहेबांस भारतरत्न हा बहुमान लाभला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं ते दिवंगत झाले.

विद्यार्थी मित्रहो, साताऱ्याहून विन्मुख परतलेला मुलगाच पुढें विद्यापीठाचा संस्थापक झाला, हें एखाद्या परीक्षेंत अपयश आल्यास अवश्य आठवा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति, कीं आपली कन्या दप्तर घेऊन शाळेस निघाली म्हणजे तिची वाट कोणी झिजून सुगम केली, हें तिला एकदां तरी सांगावें.