पंचवीस सेंटांचा कागद

घरच्या टेबलावर सोल्डरिंग करीत बसणाऱ्या माणसाला एक स्वप्न हमखास पडते. सुट्या भागांच्या या पसाऱ्यातून एक दिवस असे काही निघेल, की बड्या कंपन्या दाराशी येतील आणि घरच्यांनी ज्याला नसता उद्योग म्हटले त्याचे सोने होईल. या स्वप्नाला मी कधी हसत नाही. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगच्या बाबतीत ते तंतोतंत खरे झाले होते. पण त्याचे चरित्र वाचताना मला प्रत्येक वेळी वाटत आले आहे, की यात दोन स्वप्ने एकमेकांत गुंतलेली असतात. एक पैशाचे आणि दुसरे ‘हे माझे’ म्हणण्याचे. पहिले त्याला भरभरून मिळाले. दुसऱ्याने त्याचा जीव घेतला.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकन शाखेत होते. लहानपणीच्या एका आजारामुळे मुलाची शाळा दोन वर्षे सुटली आणि अंगाला बसणारे झटके जन्मभर सोबतीला राहिले. चारचौघांत बुजणारा हा मुलगा हडसन नदीकाठी याँकर्सच्या घरात माळ्यावर रमू लागला. मार्कोनीच्या पराक्रमाच्या गोष्टी वाचून त्याने संशोधक व्हायचे ठरवले होते. एरियलसाठी त्याने अंगणात १२५ फुटांचा खांब उभारला. दोराला टांगलेल्या फळीवर बसून तो स्वतःच वर चढे. १९०९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि घरून मोटारसायकलने जाऊ-येऊ लागला. माळ्यावरचे प्रयोग मात्र चालूच होते.

ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ऑडिऑन नावाचा व्हॉल्व्ह केला होता. तो नेमका कसा चालतो, हे मात्र कोणालाच, त्याच्या कर्त्यालासुद्धा, धड उमगले नव्हते. आर्मस्ट्राँगने चिकाटीने मोजमापे घेतली. १९१२ मध्ये त्याने व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या विजेचा काही अंश पुन्हा आत येण्याच्या वाटेवर सोडून पाहिला. तोच संकेत फिरून फिरून बळावत गेला. कानाला हेडफोन दाबूनही जे जेमतेम ऐकू येई, ते आता खोलीभर घुमू लागले. हे प्रमाण आणखी वाढवले तर व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो, हेही त्याच्या ध्यानी आले. म्हणजे एकाच सर्किटात ग्राहकही होता आणि प्रक्षेपकही.

पेटंटसाठी पैसे हवे होते. वडिलांनी आधी पदवी मिळवण्याची अट घातली. शेवटी ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने सर्किटची आकृती नोटरीपुढे ठेवून तीवर शिक्का घेतला. खर्च आला २५ सेंट. पेटंटचा अर्ज मात्र ऑक्टोबर उजाडल्यावरच गेला.

पहिल्या महायुद्धात सैन्यातर्फे पॅरिसला असताना, १९१८ मध्ये, त्याला सुपरहेटेरोडाइनची कल्पना सुचली. येणारी कोणतीही लहर आधी एका ठरावीक कंपनसंख्येवर आणायची आणि मग वाढवायची, हे त्याचे सार. आपल्याकडे ज्या रेडिओभोवती बसून लोकांनी सिलोनवरची बिनाका गीतमाला ऐकली, त्यांच्या पोटातही सहसा हीच युक्ती असे. १९२० मध्ये वेस्टिंगहाउसने दोन्ही पेटंटे ३,३५,००० डॉलरना घेतली. १९२२ मध्ये आणखी एका शोधासाठी आरसीएने दोन लाख डॉलर आणि ६०,००० शेअर दिले. माळ्यावरचा मुलगा बत्तिशीच्या सुमारास लक्षाधीश झाला. १९२३ मध्ये आरसीएचे अधिकारी डेव्हिड सार्नॉफ यांची सेक्रेटरी मॅरियन हिच्याशी त्याने लग्न केले. तिला भेट काय दिली असेल, तर हाताने नेता येईल असा रेडिओ!

इथे गोष्ट संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण पहिला शोध आपलाच, असे म्हणत डी फॉरेस्ट न्यायालयात गेला होता. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. रेडिओ इंजिनियरांच्या संस्थेने आर्मस्ट्राँगला याच शोधासाठी पदक दिले होते. ते परत करायला तो गेला. संस्थेने ते घेतले नाही. समव्यवसायिकांच्या लेखी शोध त्याचाच होता. मला वाटते, त्याने इथे थांबायला हवे होते. पण शिक्क्याचा कागद जवळ असूनही आपण खोटे ठरलो, हे शल्य गेले नाही.

तोवर एफएम जन्मले होते. त्याची पेटंटे १९३३ च्या डिसेंबरात मिळाली. विजेच्या कडकडाटाची खरखर लहरीच्या उंचीत शिरते. म्हणून उंची कायम ठेवून कंपनसंख्या बदलायची, हे त्याचे तत्त्व. सार्नॉफ जुना मित्र. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चाचण्याही झाल्या. मग १९३५ मध्ये आरसीएने त्याला यंत्रे हलवायला सांगितले. कंपनीचे लक्ष टेलिव्हिजनकडे होते. आर्मस्ट्राँगने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन येथे चारशे फुटांहून उंच मनोरा बांधला. १९४० मध्ये आरसीएने परवान्यापोटी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या रॉयल्टी देतात, तशीच यांनीही द्यावी, म्हणून त्याने ते नाकारले. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच बदलला आणि आधीचे सारे संच निकामी झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा लावला. १९५० मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपली, पण साक्षी-उलटतपासण्या चालूच राहिल्या आणि पैसा आटत गेला.

१९५३ च्या नोव्हेंबरात म्हातारपणासाठी मॅरियनच्या नावे ठेवलेल्या पैशावरून भांडण झाले. त्याने तिच्यावर हात टाकला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री अंगात ओव्हरकोट, डोक्यावर हॅट अशा पोशाखात त्याने तेराव्या मजल्यावरून उडी घेतली. नोटरीच्या शिक्क्याला त्या दिवशी बरोबर ४१ वर्षे झाली होती.

त्याच वर्षी मॅरियनने आरसीएशी तडजोड केली. रक्कम दहा लाख डॉलरहून थोडी अधिक, म्हणजे १९४० मध्ये नाकारली तेवढीच जवळजवळ. पण बाकीच्या कंपन्यांना तिने सोडले नाही. एकेक खटला लढत १९६७ मध्ये तिने शेवटचाही जिंकला.

त्याला हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. इतरांनी हात टेकले तिथे ऑडिऑनची मोजमापे घेत बसणारा हट्ट तोच होता. फक्त प्रयोगाच्या टेबलावर सत्य आपल्यापुरते सिद्ध झाले की पुरते. न्यायालयात ते समोरच्याने मान्य करावे लागते, आणि ते आपल्या हातात नसते. माळ्यावर बसून नफ्याची स्वप्ने पाहणाऱ्याने, आपल्याला पैसा हवा आहे की शिक्का, हे स्वतःला वेळीच विचारलेले बरे. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरबरोबर न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीचे एरियल कोसळले, तेव्हा काही वाहिन्यांना आसरा दिला तो अल्पाइनच्या त्याच मनोऱ्याने.