धम्मग्रंथ आपल्या लिपीत आणणारे आचार्य धर्मानंद कोसंबी



आपल्या घरी वंदनेचे छोटे पुस्तक असेलच. त्यातील त्रिशरण आणि पंचशील पाली भाषेत आहे, पण अक्षरे देवनागरी आहेत. म्हणूनच तुमची शाळकरी मुलगीसुद्धा ते न अडखळता वाचून दाखवते. आज ही गोष्ट साधी वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत आणि सयामात तिकडच्या लिपीत लिहिली गेली. भारतातून धम्म लोपला, तसे त्याचे ग्रंथही लोकांच्या हातून गेले. ज्या भूमीत तथागतांनी उपदेश केला, तेथेच तो उपदेश शिकायला गुरू आणि ग्रंथ मिळेनात. ते शोधण्यासाठी एक मराठी माणूस घराबाहेर पडला. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या खेड्यात झाला. शाळा थोडीच झाली. तरुणपण नारळाच्या बागा सांभाळण्यात जात होते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांचे मन पालटले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. त्या माउलीने एकटीने काढलेली वर्षेही या कार्यात मोजली पाहिजेत.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेऊन ते काशीला गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. येथे एक गोष्ट विसरू नका. ते जन्माने सारस्वत ब्राह्मण होते, म्हणून काशीची ती दारे त्यांना उघडी होती. आपल्या पूर्वजांना ती बंद होती. पुढे बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. परंतु उघड्या दारातून आत गेलेले धर्मानंद तेथेच बसून राहिले नाहीत. ते धम्माच्या शोधात १९०२ साली नेपाळला गेले, तेथे निराश झाले आणि बुद्धगया व कलकत्ता करीत सिलोनला पोहोचले.

सिलोनच का? कारण त्याच बेटावर, अलुविहार येथे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात तोवर मुखोद्गत असलेले त्रिपिटक भिक्खूंनी ताडपत्रांवर लिहून काढले, अशी तेथील परंपरा सांगते. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली धर्मानंद पाली शिकले आणि श्रामणेर झाले. मग ब्रह्मदेशात जाऊन तेथील भिक्खूंमध्ये राहिले. एक भाषा शिकण्यासाठी त्यांना दोन देशांच्या लिप्या शिकाव्या लागल्या.

पुढे चीवर उतरवून ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पण हे ज्ञान मराठी माणसापर्यंत जावे, हा त्यांचा ध्यास होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज दरमहा ५० रुपये देण्यास तयार झाले, तेव्हा कलकत्त्याची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’ ही मराठी पुस्तके त्या काळातली.

१९१० साली त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा थोर ग्रंथ छापण्यासाठी सिद्ध करण्याचे काम वॉरन नावाच्या पंडिताच्या मृत्यूमुळे अडले होते. हे काम कसे असते ते समजून घ्या. हाताने उतरवलेल्या दोन पोथ्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. कुठे नक्कल करणाऱ्याची ओळ गळते, कुठे अक्षर चुकते. सिंहली आणि बर्मी पोथ्या समोर ठेवून, शब्दाला शब्द ताडून, खरा पाठ कोणता ते ठरवावे लागते. त्यासाठी धर्मानंद चार वेळा अमेरिकेला गेले. संपादक म्हणून कोणाचे नाव द्यावे यावरून मतभेद झाले आणि काम रखडले. रोमन लिपीतील ती आवृत्ती १९५० साली निघाली. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे धर्मानंदांचे निधन झाले होते. ती त्यांना पाहता आली नाही.

पण बंधूंनो, हाच ग्रंथ त्यांनी स्वतः देवनागरीत सिद्ध केला आणि १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो छापला. म्हणजे हार्वर्डच्या आवृत्तीआधी दहा वर्षे तो आपल्या लिपीत आला. फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पाली शिकवली. तेथील त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी १९२४ साली ‘सुत्तनिपात’ देवनागरीत संपादित केला. परळच्या कामगार वस्तीत धर्मानंदांनी बहुजन विहार उभा केला. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे मराठी पुस्तक आजही वाचले जाते. पुढे भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून सबंध पाली त्रिपिटक देवनागरीच्या ४१ खंडांत प्रसिद्ध झाले.

तुम्ही सुट्टीत मुलांना कार्ल्याची, कान्हेरीची लेणी दाखवता. तेथे भिंतीवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांपुढे थोडे थांबा आणि ही कोणी, कशासाठी लिहिली ते मुलांना सांगा. मग एखाद्या मोठ्या ग्रंथालयात न्या, जुनी पोथी दाखवण्याची विनंती करा. जवळच्या छापखान्यात पुस्तक कसे तयार होते तेही पाहू द्या. ग्रंथांसाठी राजगृह बांधणाऱ्या बाबासाहेबांची आपण लेकरे आहोत. घरातले वंदनेचे पुस्तक केवळ पूजेच्या जागी ठेवू नका. रोज ते उघडा, आणि अर्थ समजून घेऊन मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.